पालथ्या ताटाचा प्रश्न

मार्च लागला की आमच्या वाशीतल्या इमारतीचा जिना घोकंपट्टी करायला लागतो. घरात पंखे आहेत, गॅलरी आहे, तरी दहावीची मुलं जिन्यातच का येऊन बसतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. घरात आई असते, एवढंच कारण असावं. परवा चौथ्या मजल्यावरची सानिका पायरीवर फतकल मारून बसली होती. मांडीवर पुस्तक, हातात फोन. भाजीची पिशवी घेऊन मी वर येताना दिसले आणि तिचा चेहरा उजळला.

"आजी, तुम्ही मराठीच्या टीचर होतात ना? पटकन सांगा ना, या कवितेतलं दार कशाचं प्रतीक लिहू? दोन मार्कांना आहे."

"तुला काय वाटतं?"

"आजी, प्लीज! मला काय वाटायचं ते परीक्षेनंतर वाटेल. आत्ता टाइम नाहीये."

खरंच होतं तिचं. ‘नव्या संधीचं लिही’ असं सांगून मी सुटका करून घेतली. ती खूश झाली. मी मात्र कुलूप काढताना, भाजी निवडताना, दुपारी जरा आडवी झाल्यावरही त्या दाराशीच घुटमळत राहिले. दार कशाचं प्रतीक, हे नेमकं ठरवतं कोण? प्रश्न माझा नव्हेच. ऐंशीच्या दशकातल्या अशाच एका मार्चमध्ये तो मला गयाबाईंनी विचारला होता, आणि इतकी वर्षं मराठी शिकवूनही त्याचं धड उत्तर मला देता आलेलं नाही.

तेव्हा वाशी म्हणजे अर्ध्या इमारती आणि अर्धी मोकळी जागा. सेक्टरांना नंबर मिळाले होते, पण बऱ्याच नंबरांवर नुसतं गवत उगवलेलं असायचं. आगगाडी यायची होती. खाडीपुलावरून बस यायची, आणि दादरचे नातेवाईक "तिकडे राहता का हो?" असं विचारताना ‘तिकडे’वर असा काही जोर द्यायचे की आम्ही बोटीने कुठे दूरदेशी गेलो आहोत असं वाटावं. मार्चमध्ये मिठागरांवर पांढरे ढीग उभे राहायचे. दुपारी तिकडे बघितलं की डोळे दिपायचे. ओहोटीला चिखलाचा वास, संध्याकाळी कारखान्यांच्या बाजूने कसलासा गोडसर, घशाला लागणारा वास. दोन्ही एकदम आले की "आज कंपनीने सोडलं वाटतं," असं म्हणत आई खिडक्या लावून घ्यायची. मला आजही परीक्षा म्हटलं की ते दोन वास आधी आठवतात आणि मग बाकीचं.

मी नुकतीच बी.ए. होऊन एका शाळेत बदलीवर लागले होते. सकाळी शाळा आणि संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात एक फुकटचा वर्ग. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांचा. विहारात सकाळी बालवाडी भरायची, त्यामुळे भिंतींवर अननस, आगगाडी, इमारत अशी चित्रं असलेले तक्ते होते. संध्याकाळची वंदना आटोपली की सतरंज्या तशाच राहायच्या, ट्यूबलाइट दोन-चार उचक्या देऊन लागायची, आणि कुणी कंपनीतून, कुणी कांदा-बटाट्याच्या बाजारातून सुटून त्या अननसाखाली मांडी घालून बसायचं. सगळे माझ्यापेक्षा मोठे. मी आत आले की उठून उभे राहायचे. मला घाम फुटायचा.

त्यांत बाळाराम होते. खाडीकाठच्या गावातले. भातशेती नव्या शहराच्या पोटात गेली आणि ते एका कंपनीच्या गेटवर उभे राहिले. दहावी झाली तर आत स्टोअरमध्ये घेऊ, असं साहेबाने सांगितलं होतं. मराठीच्या पेपरावर बाळारामांनी एक जालीम इलाज शोधून काढला होता. ‘हे जीवनाच्या क्षणभंगुरतेचे प्रतीक आहे’ हे कुठल्याशा गाइडातलं वाक्य त्यांनी तोंडपाठ केलं होतं, आणि ते ते दिसेल तिथे चिकटवायचे. पणती? क्षणभंगुरता. नदी? क्षणभंगुरता. एकदा मी चिडून म्हटलं, "आणि डोंगर हो? तो तर हजारो वर्षं जागचा हलत नाही!"

"हलत नाय कसा, म्याडम?" बाळाराम शांतपणे म्हणाले. "आमचे गावचा डोंगर खनला, न् त्यानीच तं तुमची शेक्टरा भरली."

मी मार्क दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आणि गयाबाई. मराठवाड्यातून नवऱ्याच्या मागे इकडे आलेल्या, तिशी ओलांडलेल्या, कपाळाला आठी आणि ओठांवर हसू असं दोन्ही एकाच वेळी बाळगणाऱ्या. त्याच विहारातल्या बालवाडीत त्या मदतनीस होत्या. सकाळी जिथे पोरांची नाकं पुसायच्या, तिथेच संध्याकाळी वही उघडून बसायच्या. बालवाडीच्या शिक्षिका लग्न होऊन गेल्या होत्या, आणि जूनपर्यंत दहावी पास झाल्या तर ती जागा गयाबाईंना मिळणार होती. नाहीतर बाहेरून कुणी नवीन येणार आणि गयाबाई आयुष्यभर सतरंज्या झटकणार. गाणी, गोष्टी, अंक, अक्षरं, सगळं मुलांना तेव्हाही त्याच शिकवत होत्या. फक्त कागदोपत्री त्या कुणी नव्हत्या. बीजगणित सुटलं होतं, इंग्रजीसुद्धा सुटलं होतं. दोनदा नापास झाल्या त्या मराठीत.

"घरात मराठी, भांडनात मराठी, सपनातबी मराठीच बोलते मी, बाई," त्या म्हणायच्या. "आन् तिच्यातच गचके खाते!"

कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. गयाबाई उत्तराच्या जागी प्रश्न लिहायच्या. ‘लेखकाने नदीला आई का म्हटले आहे?’ याच्याखाली त्यांच्या गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘नदी आई असेल तर पुरात घर नेते तेव्हा तिला काय म्हणावे?’ मी लाल पेन घेऊन त्या वाक्यावर बराच वेळ बसले. चूक म्हणवेना आणि मार्कही देववेनात.

त्या वर्षी पुस्तकात एक फार जुनी कथा होती. अभिजात म्हणतात तशी, आमच्या आजोबांच्या पिढीने वाचलेली. गावाबाहेर एक बाई एकटी राहते. रोज तिन्हीसांजेला ती दोन ताटं वाढते. एकात स्वतः जेवते, दुसरं रात्रभर तसंच राहतं, आणि सकाळी त्यातलं अन्न ती गाईला घालते. कुणाची वाट बघते, ते लेखक सांगत नाही. शेवटच्या परिच्छेदात ती जेवते, दुसरं ताट रात्रीच धुते, चुलीशेजारी पालथं घालते आणि दिवा मालवते. संपली कथा. खाली पाच मार्कांचा हमखास येणारा प्रश्न: ‘पालथे ताट कशाचे प्रतीक आहे?’ गाइडात उत्तर: ‘पालथे ताट हे मावळलेल्या आशेचे प्रतीक आहे.’ पुढे त्याचीच चार वाक्यांत फोड.

मी ती चार वाक्यं सांगायला सुरुवात केली. सगळ्यांची पेनं चालू झाली, गयाबाईंचं थांबलं.

"बाई, आधी प्रतीक म्हंजी काय ते सांगा."

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मी तयारीत होते. "झेंडा घ्या," मी म्हटलं. "असतो कापडाचाच. पण खाली पडला तर आपण धावत जाऊन उचलतो. का? कापडापेक्षा मोठं काहीतरी त्यात आपण बघतो. ते प्रतीक."

"हां," गयाबाई म्हणाल्या. "पन झेंड्याचं सगळ्यायनी मिळून ठरवलेलं आसतंय. ह्या ताटाचं कोनी ठरवलं? त्या बाईनं? लिवनाऱ्यानं? का गाइडवाल्यानं?"

मी गाइडाची पानं उलटायला लागले. गयाबाईंना तेवढा वेळ पुरेसा होता.

"आन् धुतलेलं ताट समदेच पालथं घालत्यात, बाई. पानी निथळावं म्हनून. उद्या लागनार म्हनून तर धुयाचं! आशा सरली आसती तर तिनं ते माळ्यावर टाकलं आसतं."

वर्ग हसला. मीही हसले, पण मी काही अगदीच लेचीपेची नव्हते. "बरं," मी म्हटलं, "मग रोज ती ताट सकाळपर्यंत तसंच ठेवायची ना? त्याच एका दिवशी रात्रीच का धुतलं? काहीतरी बदललं असणारच."

गयाबाईंच्या कपाळाची आठी खोल गेली. "हे मातर इचार करन्यासारखं हाय," त्या म्हणाल्या, आणि माझं पुस्तक मागून घेतलं.

तोवर बाळारामांना राहवलं नाही. "माजी आय तवा पालथा घालू देत नसं. बोलं, भाकर सपली आसा घराला सांगाचा नाय. म्हंजे गाइड बरोबर हाय, म्याडम." जरा थांबून त्यांनी सोय करून ठेवली, "नायतं क्षणभंगुरता हायेच."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो, माझाच. ताटाने वर्गाला झपाटलं होतं. भूमिती उघडून बसलेली माणसं मध्येच मान वर करून विचारायची, "पण ती गाय कुणाची होती, बाई?" मी घरी जेवताना आईला विचारलं, "रात्री ताट पालथं का घालतो गं आपण?" आई म्हणाली, "झुरळं फिरतात म्हणून. आणि तू आधी समोरचं ताट संपव, मग पालथ्याचं बघ." वडील वर्तमानपत्राआडून हसले. मी बी.ए.ला हीच कथा अभ्यासली होती. त्यावर मोठे मोठे शब्द वापरून उत्तरं लिहिली होती. त्या ताटात काय वाढलेलं असायचं हेसुद्धा तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी वंदना संपायच्या आतच गयाबाई दारात माझी वाट बघत उभ्या होत्या. पुस्तकात बोट घालून ठेवलेलं.

"बाई, तो आला आसंल."

"कोण?"

"ज्याच्यासाठी वाढायची त्यो. आला आसंल त्या दिवशी. जेवला आसंल, गेला आसंल. म्हनून तर ताट रातीच धुतलं! आन् दिवा मालवला, आता कशाला जळत ठिवायचा?"

मी पुस्तक हातात घेऊन तिथेच उभ्या उभ्या तो परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. रोज सकाळी अन्न गाईला घातल्याचं लेखकाने तीन ठिकाणी सांगितलं होतं. शेवटच्या रात्री मात्र दुसऱ्या ताटातल्या अन्नाचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. विसरला म्हणावं तर इतका बारकाईने लिहिणारा माणूस. माझ्या अंगावर काटा आला. आत वंदना चालू होती, बाहेर डास चावत होते, आणि आम्ही दोघी एका कधीच न भेटलेल्या बाईच्या चुलीपाशी डोकावून बघत होतो. साहित्याचा अभ्यास म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ती संध्याकाळ सांगते. सांगता येत नाही नीट, पण सांगते.

खरं खोटं मला आजही ठरवता येत नाही. आला असेल तर ती एवढी गप्प कशी? नसेल आला तर अन्न कुठे गेलं? धुण्याआधी तिनेच खाल्लं असेल का, भूक लागली म्हणून? प्रतीक प्रतीक म्हणून आपण ज्याला पकडायला जातो ते बहुतेक वेळा आधी एक साधं भांडं असतं, कुणीतरी घासलेलं. आधी ते भांडं नीट बघावं, एवढं मी शिकले. आणि नुसतं भांडंच बघत बसलं तर कथा हातची जाते, हेही तेव्हाच शिकले. कारण गयाबाईंचं पाणी निथळण्याचं कारण बरोबर असूनही कथेला पुरत नव्हतं, आणि ते पुरत नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं.

पण परीक्षा तोंडावर आली होती. आमच्या शाळेत एक ज्येष्ठ मराठीचे सर होते, बोर्डाचे पेपर तपासणारे. मी त्यांना भीत भीत विचारलं, एखाद्याने वेगळंच उत्तर लिहिलं तर? सरांनी चष्मा पुसत सांगितलं, "अहो, एका बैठकीत गठ्ठा संपवायचा असतो. ‘मावळलेली आशा’ दिसली की मार्क. नाही दिसली की पुढचा प्रश्न. आम्हाला वाचायला कोण वेळ देतंय?" वाईट माणूस नव्हता तो. दमलेला होता. मला मात्र रात्री झोप लागेना. गयाबाईंची सगळी भिस्त या एका पेपरावर होती आणि त्या पेपरात जाऊन त्या बोर्डालाच प्रश्न विचारणार, हे मला लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजूला घेतलं. "गयाबाई, पेपरात गाइडातलंच लिहायचं. मावळलेली आशा. चार वाक्यं. शब्दही बदलायचा नाही."

"म्हंजी तो आला आसंल, ते नाही लिवायचं?"

"नाही."

"खोटं हाय का ते?"

"खोटं आहे असं मी कशी म्हणू? पण जूनमध्ये जागा भरणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मुलाने हट्ट धरला की त्या ज्या नजरेने बघायच्या तसं. मग त्या पाठ करायला बसल्या. कडू काढा प्यावा तसं तोंड करून. चार-पाच दिवसांनी सकाळी विहारावरून जाताना मला आतून चिमुकल्या आवाजांचा गजर ऐकू आला, "मावळलेल्या आशेचे प्रतीक आहे! मावळलेल्या आशेचे प्रतीक आहे!" बालवाडीच्या पोरांनी गयाबाईंचं पाठांतर उचललं होतं. एक पोरगी त्यावर टाळ्या वाजवून नाचत होती. मला हसूही आलं आणि माझी मलाच लाजही वाटली.

पेपरच्या दिवशी मी केंद्रावर गेले. गयाबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसांना तेल लावून चापूनचोपून अंबाडा घातला होता. पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या घोळक्यात त्या शिरल्या तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "ओ मावशी, पालकांनी बाहेर थांबा." गयाबाईंनी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "मीच माझी पालक हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मागून बाळाराम गेले, देवाचं नाव घेत. मी तीन तास समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सावलीत बसून राहिले. ऊन मी म्हणत होतं.

सुटल्यावर मी धावलेच. "आला?"

"आला. ताटाचाच आला."

"मग? काय लिहिलंत?"

"निकाल लागल्यावर सांगते," गयाबाई म्हणाल्या आणि घामेजलेल्या हाताने माझा हात दाबून बसकडे चालू लागल्या. बाळाराम मात्र खुशीत होते. त्यांनी क्षणभंगुरता दोन ठिकाणी बसवली होती.

पुढे मीही पेपर तपासले, वर्षानुवर्षं. गठ्ठे यायचे, घरात सगळीकडे पेपरच पेपर. सर म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं. दहा उत्तरं झाली की डोळे शब्द हुडकायला लागतात आणि वाचणं थांबतं. पण मध्येच एखादं वाकडं, स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवायची, चहा करायची आणि मग ते वाचायची. नवरा म्हणायचा, तुझा गठ्ठा कधीच वेळेत जात नाही. नाहीच जायचा. कुणास ठाऊक, समोर कोणत्या गयाबाई असतील.

जूनमध्ये निकाल लागला. बाळाराम मराठीत चांगल्या मार्कांनी पास. त्यांच्या इलाजावर मी पुन्हा कधी शंका घेतली नाही. गयाबाईंना अडतीस. पस्तीसला पास. त्यांनी विहारात पेढे वाटले, पोरांनी कागदासकट खाल्ले. त्यांची जागा पक्की झाली. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि मग लगेच विचारलं, "आता सांगा."

"दोनी लिवले," गयाबाई म्हणाल्या. "आधी तुमचं, मावळलेली आशा, चारी वाक्यं. शब्द बदलला नाही. मग एक वळ सोडली आन् खाली लिवलं, पन मला वाटते की तो आला असेल. सगळं कारन लिवलं, त्या अन्नाचंबी."

मी कपाळाला हात लावला. अडतीस म्हणजे त्या प्रश्नाचे मार्क मिळाले नसते तर गयाबाई गेल्याच होत्या. म्हणजे कुणीतरी त्यांना मार्क दिले होते. पण कशाला? त्या दमलेल्या माणसाने वरची ओळ बघून पुढचं पान उलटलं होतं? की खालपर्यंत वाचलं होतं, आणि वाचून क्षणभर थांबला होता?

आठवड्याने गयाबाई माझ्या दारात हजर. शिक्षिका म्हणून मिळालेली पहिली सुट्टी त्यांनी यासाठी घेतली होती. आम्ही बोर्डाच्या कचेरीत गेलो आणि खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिलो. मागेपुढे सगळी नापास मुलं आणि त्यांचे उतरलेल्या चेहऱ्याचे बाप. आमचा नंबर आला.

"कितीत गेलात?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"एकातबी नाही. पास झाले."

त्याने मान वर केली. "मग मार्क वाढवून पायजेत?"

"मार्क हायेत तेवढे बास हायेत. पेपर बघायचाय फकस्त."

"अहो बाई, पेपर दाखवत नाय कोणाला. आणि पास झालात ना? मग कशाला टेन्शन घेता?"

"पास झाले ते कळलं, साहेब," गयाबाई खिडकीच्या गजांना धरून म्हणाल्या. "कोनत्या उत्तरानं झाले, ते कळाया नको का?"

मागे रांग कुरकुरायला लागली. कारकुनाने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पुस्तकं होती, चेहऱ्यावर चष्मा होता; मी शहाणी दिसत असणार.

"तुम्ही टीचर ना? जरा समजवा यांना."

मी गयाबाईंच्या शेजारी, खिडकीच्या आणखी जवळ सरकले. मला स्वतःलाच तो पेपर बघायचा होता.